रामकुंडाचं पाणी आणि जोतीरावांचा डावा हात

मागच्या श्रावणात एका सकाळी बाबा मोरीत पडले. प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, गजर न लावता पाचला उठणारा. (नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं, नोटा छापणारी असं वेगळं सांगावं लागत नाही.) मी दार ढकलून आत गेलो तेव्हा त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा हात मांडीखाली अडकला होता आणि ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. आईच्या तोंडून एकच वाक्य निघालं, “अगं बाई, वारं गेलं अंगावरून!”

मी काय केलं, तर त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि तांब्यातलं पाणी तोंडाला लावलं. माणूस पडला की आधी पाणी द्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, ते येतंच. अर्धं पाणी ओघळलं. उरलेल्याचा ठसका लागला.

तासाभरात आम्ही मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात होतो. सीटी स्कॅन झालं, मेंदूतल्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी असल्याचं कळलं, वेळेत पोचल्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. संध्याकाळी बाबांनी उजव्या पायाचा अंगठा हलवला. आम्ही सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पंचवटीहून आत्या आली, बाटलीत रामकुंडाचं पाणी घेऊन. भावाच्या तोंडात एक चमचा घालायचं, एवढंच तिचं म्हणणं. सिस्टरनं हात आडवा धरला. “मावशी, गिळण्याची तपासणी झालेली नाही. एक थेंबही नाही.” आत्या भडकली. एक चमचा तीर्थानं कुणाचं काय बिघडलंय, वगैरे. बाटली शेवटी खिडकीत राहिली.

तिसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग. न्यूमोनिया.

मी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, माझ्या त्या तांब्याभर पाण्यामुळे झालं का हे? ते म्हणाले, “सांगता येत नाही. ठसका तुम्हाला-मलाही लागतो. चुकून छातीत गेलेलं आपलं शरीर निस्तरतं. यांचं शरीर आत्ता निस्तरण्याच्या अवस्थेत नाही. मेंदूला झटका बसला की प्रतिकारशक्तीही बसते.” आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. गुठळी मेंदूत, आणि प्रतिकारशक्ती छातीतली का बसावी? मी इतिहासाचा माणूस, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर, मोबाईलच्या उजेडात, मी हे माझ्या पद्धतीनं शोधायला घेतलं, म्हणजे मागून.

मुंबई नाक्यावर २०२४ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंचे पुतळे बसवले आहेत. चहासाठी खाली उतरलं की ते दिसायचे. वर्गात मी फुल्यांवर कितीतरी वेळा बोललोय, पण त्यांना पक्षाघात झाला होता हा तपशील माझ्या तोंडून नेहमी घाईनं निघून जायचा. त्या आठवड्यात तो थांबला.

११ मे १८८८ रोजी मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत, जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय ६१. उजवी बाजू गेली. सत्यशोधक समाजातले त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. जोतीराव उठले, पण उजवा हात लिहिण्याजोगा राहिला नाही. मग त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्या हातानं १८८९ मध्ये पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक छापून आलं ते त्यांच्या मागे, १८९१ मध्ये.

म्हणजे झटक्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने. प्रतिजैविकांच्या कितीतरी आधीच्या काळात, एका बाजूनं लुळा पडलेला माणूस एवढा काळ टिकला, हे मला त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा आश्चर्याचं वाटलं. तोपर्यंत मला आश्चर्य फक्त डाव्या हाताचं वाटत आलं होतं.

त्यांचा झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे त्या काळी बाहेरून कळायला मार्गच नव्हता. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावणारं सीटी स्कॅन लंडनमध्ये पहिल्यांदा १९७१ साली एका रुग्णावर वापरलं गेलं. पण आजाराला नाव होतं, आणि त्या नावात कारणही होतं. अर्धांगवायू. वारं जाणं. आयुर्वेदात पक्षाघात हा वाताचाच विकार. आईच्या तोंडून मोरीत निघालेलं वाक्य असं फार जुनं होतं.

युरोपात मात्र तोवर वाऱ्याच्या जागी नळ आला होता. बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की रक्ताची गुठळी एका ठिकाणी तयार होते, सुटते, वाहत जाते आणि दूरच्या रक्तवाहिनीत अडकते. ‘थ्रोम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे शब्द ज्या अर्थानं आज आपल्या रिपोर्टवर छापून येतात, तो अर्थ त्यांचा. पुढची शंभरेक वर्षं झटक्याचा विचार प्लंबरच्या नजरेनं झाला: नळ तुंबला, पुढची बाग वाळली. यात चूक काही नाही. बाबांना दिलेलं इंजेक्शन याच विचाराचं फळ आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनं ते तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो हे सिद्ध केलं, पुढे ही मुदत साडेचार तासांवर गेली.

पण या चित्रात पहारेकरी कुठेच नाहीत. शरीराचं स्वतःचं सैन्य. ते वेगळ्या गावात सापडलं.

१८८२ च्या डिसेंबरात, सिसिलीतल्या मेसिना या बंदरात, एली मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरी एकटा होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक पिल्लातल्या फिरत्या पेशी बघताना त्याला वाटलं, या पेशी बाहेरून घुसलेल्या गोष्टीवर चालून जात असतील तर? त्यानं बागेतल्या गुलाबाचा काटा आणून पिल्लाच्या अंगात टोचला. सकाळी बघतो तर पेशींनी काट्याला वेढा घातलेला. पुढच्या वर्षी खुद्द फिर्खो मेसिनात आले असता मेचनिकॉफनं त्यांना आपले प्रयोग दाखवले. फिर्खोंना ते आवडले, पण त्यांनी सावध केलं: पांढऱ्या पेशी जंतूंना खातात असं नव्हे, तर त्या जंतूंना अंगभर पोचवतात, असं वैद्यकात तेव्हा शिकवलं जात होतं. झटक्याचा नळ शोधणारा आणि शरीराचे शिपाई शोधणारा एका खोलीत समोरासमोर आले, बोलले आणि आपापल्या वाटेनं गेले. त्यांचे दोन विषय एकमेकांना नीट भेटायला आणखी शतक लागलं.

मेचनिकॉफ १८८८ मध्ये, म्हणजे जोतीरावांना झटका आला त्याच वर्षी, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. ओडेसातला त्याचा एक विद्यार्थी त्याच्या मागोमाग तिथे पोचला आणि सुरुवातीला ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागला. नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधले हाफकिन ते हेच.

आणि इथे मी पुन्हा मुंबई नाक्यावरच्या पुतळ्यांकडे आलो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मांडवीत. आठ वर्षांपूर्वी जिथे जोतीरावांचा सत्कार झाला होता, तीच मांडवी. हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तयार केलेली लस स्वतःला टोचून घेतली. उष्णतेनं मारलेले प्लेगचे जंतू अंगात घालायचे, म्हणजे शरीराचं सैन्य खऱ्या शत्रूची ओळख आधीच करून ठेवतं, अशी कल्पना. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर ती वापरून पाहिली गेली.

तोवर प्लेग पुण्यात पसरला होता. सावित्रीबाईंनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या गायकवाडांच्या लहान मुलाला प्लेग झाल्याचं कळल्यावर त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लस जन्मून बरोबर दोन महिने झाले होते, आणि मधलं अंतर दीडशे किलोमीटर. प्लेग तिथे थांबला नाही. आमच्या जिल्ह्यात भगूरला १८९९ मध्ये विनायक सावरकरांचे वडील दामोदरपंत त्यानंच दगावले.

एका घरातले दोन आजार. नवऱ्याचा मेंदूचा, बायकोचा साथीचा. मी शाळेपासून ते दोन वेगळ्या धड्यांत वाचले, आणि वैद्यकाच्या पुस्तकांतही ते दोन वेगळ्या खंडांत आहेत. यात दोष पुस्तकं लिहिणाऱ्यांचा कमी, मेंदूचा जास्त. कारण मेंदू हा किल्ला आहे, तिथे शरीराच्या सैन्याला प्रवेश नाही, असं मानायला सबळ पुरावे होते. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. (याच एर्लिखना १९०८ चं नोबेल मेचनिकॉफबरोबर विभागून मिळालं.) १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशांच्या मेंदूत परक्या त्वचेचा तुकडा बसवून पाहिला. आधी सावध न केलेल्या सशाच्या शरीरानं तो झिडकारला नाही. अंगावर इतर कुठेही झिडकारला असता. तेव्हापासून मेंदू ‘सवलतीचा’ अवयव ठरला.

एक माणूस मात्र वेगळं सांगत होता. स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये मेंदूतल्या मायक्रोग्लिया या पेशी दाखवल्या. शांत असताना त्या बारीक फांद्या पसरून बसतात. जवळ इजा झाली की फांद्या आवरून गोल होतात, चालत जातात आणि मेलेलं गिळतात. मेचनिकॉफच्याच पेशींची चुलत भावंडं, किल्ल्याच्या आत, कायमच्या वस्तीला. आणि २०१५ मध्ये तर दोन वेगवेगळ्या गटांना मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्याच सापडल्या. म्हणजे सैन्याच्या ये-जा करायच्या वाटा. शरीरशास्त्राचे नकाशे शेकडो वर्षं काढले जात असताना ही वाट सुटली होती.

आता बाबांच्या मेंदूत काय झालं असेल ते सांगतो. रक्त थांबलं, मिनिटांत पेशी मरायला लागल्या आणि मरताना त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडला. मायक्रोग्लियांना हा सांडलेला ऐवज म्हणजे धोक्याची घंटा. त्यांनी हाका घातल्या. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटू लागल्या. या पेशी जंतू मारण्यासाठी घडलेल्या, त्यांच्याकडे जाळायची-विरघळवायची हत्यारं असतात. इथे जंतू नाहीत. हत्यारं तरी चालतातच. भिंती झिरपतात, सूज चढते, आणि गुठळीनं न मेलेला, काठावरचा भाग या गोंधळात मरू शकतो. पुढच्या दिवसांत मोठ्या भक्षक पेशी येतात, मढी उचलतात, आणि त्यांच्याच काही संदेशांमुळे डागडुजी सुरू होते. तेच सैन्य आधी नासधूस करतं, नंतर गाव पुन्हा वसवतं. नेमकं कोणत्या तासाला ते बाजू बदलतं, हे प्रत्येक रुग्णात वेगळं.

मग हे सैन्यच अडवलं तर? तसा प्रयत्न झाला. न्यूट्रोफिलना भिंतीला चिकटू न देणारं ‘एन्लिमोमॅब’ नावाचं औषध, उंदरांपासून बनवलेली प्रतिपिंडं, ६२५ रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिलं गेलं. निकाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्यांची अवस्था जास्त वाईट झाली, ताप आणि संसर्ग वाढले. प्रयोगशाळेतल्या उंदरांना वाचवणारी बरीच औषधं माणसांत आल्यावर अशी आपटली आहेत, हे मी वाचत गेलो आणि रात्री तीनला फोन बंद केला.

डॉक्टरांच्या त्या वाक्याचं मूळ मला दुसऱ्या रात्री सापडलं, आणि तेही बर्लिनमध्ये, फिर्खोंच्याच शारिटे हॉस्पिटलात. २००३ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की मेंदूत गुठळीचा झटका आलेल्या उंदरांच्या रक्तातल्या लढाऊ पेशी झपाट्यानं कमी होतात, आणि तीन दिवसांत त्यांच्या फुप्फुसांत, रक्तात आपोआप जंतू वाढतात. हे घडवतो मेंदूच. दुखावलेला मेंदू ताणाच्या नसांमधून सगळ्या शरीराला ‘शस्त्रं खाली’ असा हुकूम पाठवतो. त्या नसांचे संदेश अडवणारं, ब्लडप्रेशरसाठी वापरतात तसलं साधं औषध दिल्यावर उंदरांचा न्यूमोनिया टळला.

मेंदू असा हुकूम का देतो, याबद्दल एक तर्क मला पटण्याजोगा वाटला. किल्ला फुटला आहे, आतल्या कधी न दिसलेल्या गोष्टी बाहेर सांडल्या आहेत. सैन्यानं त्यांनाच शत्रू समजून मेंदूवर कायमचं वैर धरू नये म्हणून शरीर सगळ्यांनाच गप्प बसवत असेल. तर्कच आहे हा. पण खरा असेल तर बाबांचं शरीर मेंदू वाचवण्यासाठी छाती उघडी टाकत होतं.

तिसरा दिवस. उंदरांचाही, बाबांचाही.

२०११ मध्ये जगभरच्या ८७ अभ्यासांचं एकत्रित गणित मांडलं गेलं: झटक्यानंतर सुमारे ३० टक्के लोकांना कुठला तरी संसर्ग होतो, १० टक्क्यांना न्यूमोनिया. मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक का देऊ नये, हा माझ्याही मनात आलेला प्रश्न. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर आणि ब्रिटनमध्ये गिळता न येणाऱ्या रुग्णांवर हेच करून पाहिलं गेलं. दोन्ही निकाल २०१५ मध्ये आले. नेदरलँड्समधले रुग्ण त्यानं जास्त बरे झाले नाहीत, ब्रिटनमधला न्यूमोनिया कमी झाला नाही.

ज्यानं फरक पडला ती गोष्ट फार साधी निघाली. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक विभागांमध्ये, काही ठिकाणच्या नर्सना तीनच गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या: ताप बघणं, साखर बघणं आणि तोंडात काहीही घालण्याआधी गिळणं तपासणं. २०११ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनंतर तिथले मृत्यू आणि परावलंबी राहिलेले रुग्ण स्पष्टपणे कमी होते. कुठलंही नवं औषध नाही.

हे वाचलं तेव्हा मला आत्यासमोर आडवा आलेला सिस्टरचा हात आठवला. वय असेल पंचवीस-सव्वीस. आम्ही तिच्याकडे रागानं बघितलं होतं.

सावित्रीबाईंनी त्या दोन वर्षांत जोतीरावांना कसं भरवलं, कसं बसवून पाणी दिलं, हे लिहून ठेवावं असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार. शुश्रूषा असा एक शब्द चरित्रांत येतो आणि पुढचं वाक्य सुरू होतं. मी स्वतः वर्गात तो शब्दही गाळायचो.

माझ्या तांब्याचं काय, ते मी नंतर पुन्हा विचारलं नाही. डॉक्टर जे म्हणाले त्यात माझी सुटका होती आणि नव्हतीही. शरीर गप्प बसलं होतं हे खरं, पण गप्प बसलेल्या शरीराच्या छातीत पाणी गेलं तेही खरं. तुमच्या घरी कुणी असं पडलं, तर त्याला कुशीवर ठेवा, किती वाजले ते बघा, १०८ ला फोन करा. तांब्या राहू द्या. हे मी आता भेटेल त्याला सांगतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बायको म्हणते, विषय बदल.

न्यूमोनिया अँटिबायोटिक्सनी आठवडाभरात आटोक्यात आला. नवव्या दिवशी स्पीच थेरपिस्टनं तपासून घट्ट केलेलं पाणी चमच्यानं द्यायला परवानगी दिली. आत्यानं रामकुंडाची बाटली पुढे केली. थेरपिस्ट मुलीनं ती हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि परत दिली. “हे उकळून आणा काकू, मग बघू.” आत्यानं ते घरी तुळशीला घातलं.

बाबा आता घरी आहेत. चालतात, काठीनं. बोलणं समजतं. उजवी मूठ अजून पूर्ण मिटत नाही, त्यामुळे पेन्शनच्या बँकेत सहीचा घोळ झाला आणि अंगठा लावायची वेळ आली. आयुष्यभर नोटांच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला ते फार लागलं. त्या संध्याकाळी मी त्यांना जोतीरावांचं सांगितलं, डाव्या हाताचं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

“किती दिवसांत लिहायला लागले?”

“जुलैत झटका आला, पुढच्या वर्षी पुस्तक पूर्ण होतं.”

“म्हणजे वर्ष धर,” बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं पेपर ओढून कोडं सोडवायला बसले. आडवे शब्द ते मला सांगतात, मी भरतो. उभे त्यांनी स्वतःसाठी ठेवलेत.